दशांशाची शेपटी

शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९८३. कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक दिवसअखेर ५२४.८११ वर थांबला. मध्ये शनिवार-रविवारची सुटी गेली आणि सोमवारी, २८ तारखेला, तोच निर्देशांक १०९८.८९२ झाला. एका सुटीत दुपटीहून जास्त! ही उडी कुठे सोन्याची खाण सापडल्यामुळे नव्हती. बाजारानं आपल्या कॉम्प्युटरचा हिशेब दुरुस्त केला होता, एवढंच.

हा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून सुरू झाला. त्यात सुमारे १,४०० शेअर होते आणि सौदे होतील तसा, दिवसाला सुमारे २,८०० वेळा, तो नव्यानं काढला जाई. प्रत्येक वेळी उत्तर यायचं लांबलचक दशांशात, पण ठेवायची होती फक्त तीन दशांश स्थळं. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं सोपा मार्ग घेतला होता. चौथ्या स्थळापासूनची शेपटी सरळ छाटून टाकायची. समजा उत्तर ५४०.३२५७ आलं, तर शाळेत शिकवलेल्या रीतीनं ते ५४०.३२६ व्हायला हवं. कॉम्प्युटर ते ५४०.३२५ करायचा. आणि पुढच्या सौद्याचा हिशेब या छाटलेल्या आकड्यावरूनच सुरू व्हायचा.

एका छाटणीत किती गेलं? कधी काहीच नाही, कधी जवळजवळ एक हजारांश. सरासरी धरली तर अर्धा हजारांश, म्हणजे ०.०००५. याला कोणी नुकसान म्हणणार नाही. पण दिवसाला २,८०० वेळा हेच झालं की १.४ अंक जातात. महिन्याचे कामाचे दिवस वीस धरले तर २८. आता उलटा हिशेब करून पाहा: खरा आकडा १०९८.८९२, दिसणारा ५२४.८११, फरक ५७४ अंकांचा. तो बावीस महिन्यांत वाटला की महिन्याला साधारण २६ येतात. कागदावरचा अंदाज आणि प्रत्यक्षातली गळती इतकी जुळते की त्यात दुसरा कोणी गुन्हेगार शोधायची गरज उरत नाही. बाजारात उलाढाल जोरात चालू असताना निर्देशांक मात्र उतरणीला लागला होता, तो या हजारांशांच्या शेपट्यांमुळे.

नेहमीच्या पूर्णांकनात हे का होत नाही? कारण तिथे कधी थोडं वर जातं, कधी थोडं खाली, आणि हजारो वेळा केलं की वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतात. छाटणीत चूक नेहमी एकाच बाजूला. ती लहान असते, पण कधी परत फिरत नाही. गंमत अशी की त्याच १९८३ सालात आलेल्या ‘सुपरमॅन ३’ या चित्रपटात रिचर्ड प्रायरनं रंगवलेला कॉम्प्युटरवाला कंपनीच्या पगारपत्रकातले अर्धे-अर्धे सेंट आपल्या नावावर वळवतो. व्हँकूव्हरच्या शेपट्या कोणाच्याच खिशात गेल्या नाहीत. त्या नुसत्याच गेल्या.

व्हँकूव्हरमध्ये छाटून आकडा खाली आणला जाई. आता हे ‘खाली आणणं’ म्हणजे नेमकं काय, ते पाहू. ३.७ घ्या. खाली आणला की ३. यात वाद नाही. पण −३.७ घेतला तर? इथे प्रोग्रामिंगच्या भाषांची दोन घराणी पडतात.

एक घराणं म्हणतं, दशांश चिन्हापुढचं सगळं पुसा, उरेल ते उत्तर: −३. याला ट्रंकेट करणं, म्हणजे छाटणं, म्हणतात. दुसरं घराणं म्हणतं, संख्यारेषेवर डावीकडे जो पहिला पूर्णांक लागेल तो घ्या: −४. हे फ्लोअर. छाटणारा नेहमी शून्याकडे सरकतो. धन संख्येत ते खाली जाणं असतं, ऋण संख्येत मात्र वर चढणं. फ्लोअर नेहमी खालीच जातो, संख्या धन असो वा ऋण. धन संख्यांवर काम करणाऱ्याला हा फरक वर्षानुवर्षं दिसत नाही, म्हणून तो बेसावध असतो.

गणितात ही क्रिया जुनी आहे. गाउसनं १८०८ मध्ये तिच्यासाठी चौकटी कंस वापरला, आणि अकरावी-बारावीच्या पुस्तकांत तो अजून दिसतो. फ्लोअर आणि सीलिंग ही नावं, आणि फक्त खालून किंवा फक्त वरून आडवी रेघ असलेले ते अर्धवट कंस, केनेथ आयव्हर्सननं १९६२ मधल्या आपल्या ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या पुस्तकात आणले. आयव्हर्सनही कॅनेडियनच, व्हँकूव्हरच्या शेजारच्या अल्बर्टा प्रांतातला.

सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात ऋण भागाकार कुठे वळवायचा हे कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलेलं होतं. म्हणजे तोच प्रोग्राम एका मशीनवर एक उत्तर देऊ शकत होता, दुसऱ्यावर दुसरं, आणि दोन्ही ‘नियमानुसार’. १९९९ च्या प्रमाणानं निकाल लावला: शून्याकडे. त्यामुळे सीमध्ये −७ ला २ ने पूर्णांकी भागलं की −३ येतात आणि बाकी −१. पायथनमध्ये दुहेरी तिरकी रेघ वापरून तोच भागाकार केला तर −४ येतात आणि बाकी १. ताळा दोन्हींचा जमतो. चूक कोणाचीच नाही, आणि म्हणूनच एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत उतरवताना ही जागा हमखास नजरेतून सुटते.

ऑफिसात एक्सेल वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथलं ‘इंट’ −३.७ चे −४ करतं आणि ‘राउंडडाउन’ −३. नावात डाउन असलेलं सूत्र वर चढतं! जावाच्या दशांश हिशेबातही ‘डाउन’ म्हणजे शून्याकडे आणि ‘फ्लोअर’ म्हणजे खरोखर खाली. नाव वाचून काम समजलं असं धरणाऱ्याची इथे फसगत ठरलेली. हा दोष नावं ठेवणाऱ्यांचा आहे, वापरणाऱ्यांचा नाही.

ऋण संख्या व्यवहारात येतात कुठे, असं कोणी विचारेल. पंचांग घ्या. तिथी काढायची रीत सोपी आहे: चंद्राच्या भोगांशांतून, म्हणजे राशीचक्रातल्या त्याच्या स्थानाच्या अंशांतून, सूर्याचे भोगांश वजा करायचे आणि १२ ने भागायचं. भागाकारातला पूर्णांक म्हणजे गत तिथी, म्हणजे संपलेल्या तिथी. त्यात एक मिळवला की चालू तिथी. पूर्णांक घ्यायचा, अपूर्णांक सोडायचा. हे फ्लोअरच झालं, आणि आपल्याकडे ते शतकानुशतकं चाललं आहे.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचं उदाहरण घेऊ. सूर्य मीन राशीत ३५० अंशांवर आहे, चंद्र शून्य ओलांडून मेषेत १० अंशांवर पोचला आहे. १० वजा ३५०, उत्तर −३४०. भागिले १२, −२८.३३. हाताने पंचांग करणारा आधी ३६० मिळवतो. अंतर २० अंश येतं, गत तिथी १, चालू तिथी द्वितीया. प्रोग्राम लिहिणारा मात्र पुष्कळदा आधी भागतो आणि ऋण उत्तर आलं की मागाहून ३० मिळवून मोकळा होतो. त्यानं फ्लोअर वापरला असेल तर −२८.३३ चे −२९ होतात, ३० मिळवून १, आणि तिथी द्वितीया. बरोबर. छाटणी वापरली असेल तर −२८, ३० मिळवून २, आणि तिथी तृतीया. उत्तर उणे सत्तावीस वगैरे विचित्र आलं असतं तर लगेच लक्षात आलं असतं. तृतीया ही दिसायला अगदी निर्दोष तिथी आहे. चैत्रगौर तेवढी एक दिवस आधीच झोपाळ्यात बसेल!

हीच गोष्ट ‘ग्रहलाघव’ या ग्रंथाच्या रीतीतही दाखवता येते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हे आरंभवर्ष धरून तो रचला आणि ज्या-कोज्यांच्या कोष्टकांशिवाय ग्रहगणित कसं करता येतं ते दाखवलं. त्याची सुरुवातीची पायरी अशी: इष्ट शकातून १४४२ वजा करायचे आणि उरलेल्याला ११ ने भागायचं. भागाकार म्हणजे चक्र, बाकी म्हणजे चालू चक्रातली गत वर्षं. शके १९४७ साठी ५०५ उरतात. चक्रं ४५, बाकी १०. ठीक. पण इतिहासाच्या अभ्यासकाला याच रीतीनं आरंभवर्षाआधीचं, समजा शके १४३० चं, गणित हवं असेल तर वजाबाकी −१२ येते. फ्लोअरनं चक्रं −२ आणि बाकी १०. छाटणीनं चक्रं −१ आणि बाकी −१. पुढच्या सगळ्या पायऱ्या ‘चक्रात इतकी वर्षं झाली’ असं गृहीत धरून रचलेल्या आहेत. चक्रात उणे एक वर्ष झालं, याला काही अर्थ नाही. बाकी नेहमी शून्य ते दहाच्या आत हवी असेल तर फ्लोअरला पर्याय नाही.

कॉम्प्युटरचं स्वतःचं पंचांगही याच जातीचं आहे. युनिक्स पद्धतीत वेळ मोजतात ती ग्रिनिचच्या १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, सेकंदांत. त्या दिवशी मुंबईत मध्यरात्र झाली तेव्हा ग्रिनिचला आदल्या संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. म्हणजे मुंबईतला तो क्षण −१९,८०० सेकंद. त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागून छाटलं की शून्य येतं आणि प्रोग्राम ग्रिनिचची तारीख १ जानेवारी सांगतो; फ्लोअर घेतला की −१ आणि ३१ डिसेंबर १९६९. तिथे तारीख खरोखर ३१ डिसेंबरच होती. १९७० च्या आधी जन्मलेल्यांच्या जन्मतारखांशी व्यवहार करणाऱ्या कोणत्याही प्रोग्राममध्ये हा खड्डा असू शकतो.

दिशा ठरली तरी काम संपत नाही. जो आकडा खाली आणायचा तो मुळात कॉम्प्युटरपाशी आहे का, हा त्याहून अवघड प्रश्न.

४ रुपये ३५ पैसे. याचे पैसे किती, हे तिसरीतलं मूल सांगेल. पायथनमध्ये ४.३५ गुणिले १०० करा. उत्तर ४३५ नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. त्याचा फ्लोअर घ्या: ४३४. एक पैसा गेला. १९.९९ चे पैसे करा, १९९८ मिळतील. ०.२९ चे २८. जावास्क्रिप्टमध्ये, जावामध्ये, सीमध्येही हेच, कारण सगळ्यांच्या बुडाशी तीच आयईईई ७५४ ही १९८५ ची प्रमाण पद्धत आहे. विल्यम काहान या गणितज्ञाचा तिच्यात सिंहाचा वाटा होता, आणि १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं.

कारण असं की कॉम्प्युटर अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो. अर्धा, पाव, अर्धपाव हे त्याला नेमके जमतात. एक दशांश मात्र जमत नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ करत थांबावं लागतं, तसं त्याला ०.१ लिहिताना ०००११००११००११ असं न संपणारं काहीतरी मिळतं आणि जागा संपली की तो थांबतो. ४.३५ म्हणून त्यानं जे ठेवलेलं असतं ते प्रत्यक्षात ४.३४९९९९९९९९९९९९९६ च्या आसपास असतं. नेहमीचं पूर्णांकन करणाऱ्याला याचा त्रास होत नाही, कारण ४३४.९९९९ जवळच्या ४३५ ला जाऊन मिळतो. फ्लोअरला मात्र जवळ-लांब कळत नाही. पूर्णांकाला केसाएवढं कमी पडलं तरी तो पूर्ण एक घर खाली उतरतो. पीएचपी या भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तकातच हा इशारा दिलेला आहे: ०.१ आणि ०.७ यांची बेरीज दहापट करून फ्लोअर घेतला तर ८ नाही, ७ मिळतात.

द्विमानातला हाच एक दशांश २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये माणसांच्या जिवावर बेतला. अमेरिकेच्या पॅट्रिअट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे, पूर्णांकात, अगदी अचूक. मग त्याचे सेकंद करण्यासाठी त्या संख्येला ०.१ ने गुणलं जाई. हा ०.१ चोवीस बिटांत बसवून पुढचा भाग छाटलेला होता. एका दशांशामागे चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढीही नव्हती. पण यंत्रणा सलग सुमारे शंभर तास चालू होती. शंभर तास म्हणजे छत्तीस लाख दशांश. साचलेली चूक ०.३४ सेकंद. येणारं स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं येत होतं, त्यामुळे यंत्रणा आकाशात अर्धा किलोमीटरहून जास्त चुकीच्या जागी पाहत राहिली. बराकीवर स्कड पडलं आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं दुसऱ्या दिवशी.

इतकं वाचल्यावर छाटणी म्हणजे वाईटच असं कोणाला वाटेल, पण तसं नाही. वय आपण सगळेच खाली आणून सांगतो. अठरा पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असलेला मुलगा मतदार होत नाही, १७.९९७ ला १८ म्हणायची सोय कायद्यात नाही. उलट ग्रॅच्युइटीच्या कायद्यात सेवेचं शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं असेल तर ते पूर्ण धरतात. जीएसटीच्या कायद्यातही करापोटी आलेले पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पूर्ण रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. एकाच देशात, एकाच माणसाच्या कागदपत्रांत तीन जागी तीन रीती. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्वतःची आवड चालवायची नसते. नियम काय म्हणतो ते आधी वाचायचं असतं.

खाली आणायचं होतं आणि आणलं नाही म्हणून झालेला घोळही नोंदलेला आहे. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात ५ एप्रिल १९९२ रोजी निवडणूक झाली. विधानसभेत जागा मिळायला पक्षाला किमान ५ टक्के मतं लागतात. ग्रीन पक्षाच्या नावापुढे कॉम्प्युटरनं छापलं ५.० टक्के. पक्ष आत आला, आणि त्यामुळे सोशल डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत हुकलं. रात्री उशिरा कोणीतरी आकडे पुन्हा तपासले तेव्हा कळलं, खरा आकडा ४.९७. छापणारा प्रोग्राम एकच दशांश स्थळ दाखवत होता आणि ते दाखवताना त्यानं इमानेइतबारे जवळच्या आकड्याला पूर्णांकन केलं होतं. ग्रीन पक्ष बाहेर गेला आणि सोशल डेमोक्रॅटांना एका जागेचं बहुमत मिळालं. जिथे उंबरठा असतो तिथे छाटणीच हवी. त्याहून चांगलं म्हणजे टक्केवारीच्या छापील आकड्याकडे न पाहता सरळ मतं मोजून तुलना करावी.

मग पैशाच्या हिशेबात करावं काय? अनुभवी मंडळींची रीत अशी: रक्कम रुपयांच्या दशांशात ठेवायचीच नाही, पैशांच्या पूर्णांकात ठेवायची. ४.३५ नाही, ४३५. ते जमत नसेल तर पायथनचा ‘डेसिमल’ किंवा जावाचा ‘बिगडेसिमल’ हे दशांशातच हिशेब करणारे प्रकार वापरायचे, आणि त्यांना आकडा द्यायचा तो मजकूर म्हणून. साध्या दशांश संख्येतून दिला तर बिघडलेली शेपटी तशीच आत जाते. दोन स्थळांपर्यंत खाली आणायला शंभरने गुणून, फ्लोअर घेऊन, पुन्हा शंभरने भागायची युक्ती सगळीकडे सापडते. शोभेच्या आकड्यांना ती चालते, पावतीला नाही. काही जण फ्लोअरच्या आधी एक इवलासा आकडा मिळवून ४३४.९९९९ ला ४३५ वर ढकलतात. हे ठिगळ आहे. जो आकडा खरोखरच ४३४.९९९९ होता त्यालाही ते बढती देतं.

आणि छाटायचं असेल तर शेवटी, एकदाच. व्हँकूव्हरमध्ये छाटलेला आकडा दाखवायला हरकत नव्हती. पुढचा हिशेब पूर्ण आकड्यावरून केला असता तर बावीस महिन्यांनंतरही चूक एका हजारांशाच्या आतच राहिली असती. शंभर रुपये तिघांत वाटताना प्रत्येकी ३३ रुपये ३३ पैसे खाली आणून दिले की एक पैसा उरतो. तो कोणाला जाईल हे प्रोग्राममध्ये लिहिलेलं नसेल तर ताळेबंद कधीच जुळणार नाही, मग फ्लोअर कितीही अचूक असो.

आपण वापरता त्या भाषेत किंवा एक्सेलमध्ये कोणती रीत आहे हे माहीत नसेल तर तिला −०.५ देऊन पाहा. −१ आलं तर ती फ्लोअर आहे, शून्य आलं तर छाटणी. मग ४.३५ ला शंभरने गुणून त्याच सूत्रात घाला, आणि ४३४ दिसलं तर त्या सूत्रावर कोणाचा पगार काढू नका.